हरणांच्या मक्याला कुंपण: डुकराचं वेगळं, गाईचं वेगळं

*ताई, टेक्सासमध्ये लॅनो काउंटीत आमची 38 एकर जमीन आहे. आम्ही राहतो ऑस्टिनला, शनिवार-रविवारी तिकडे जातो. शेतजमिनीचा कमी कर लागू राहावा म्हणून शेजारच्या रँचवाल्याच्या तीन-चार गाई आमच्याकडे चरतात, त्याच्या शेळ्याही अधूनमधून तारेतून आत घुसतात. माझे बाबा भोर तालुक्यातले, आयुष्यभर भातशेती केली. मागच्या वर्षी ते सहा महिने इथे होते. त्यांना हरणं बघता यावीत म्हणून मी तीन पायांवरचा, ठरल्या वेळी मका उडवणारा फीडर लावला. महिनाभर छान चाललं. मग रानडुकरं आली. फीडर दोनदा आडवा केला, खालची जमीन नांगरल्यासारखी उकरली. दिवसा गाई तिथून हलेनात. मी 20 फूट व्यासाचं, 5 फूट उंच जाळीचं कुंपण घातलं. डुकरं खालून शिरली, हरणं मात्र आलीच नाहीत. बाबा म्हणाले, "डुक्कर वरनं येत नाही, खालनं येतं. आणि हरणाला कोंडल्यासारखं वाटलं तर ते कशाला आत जाईल?" बाबा ऑक्टोबरात परत येतायत. आता उंची वाढवू, की विजेची तार लावू?*

तुमच्या बाबांनी निम्म्याहून जास्त उत्तर दिलेलं आहे. भाताच्या राखणीला रात्र रात्र माळ्यावर बसलेल्या माणसाला डुक्कर कळतं, आणि सह्याद्रीतलं डुक्कर नि इथलं डुक्कर मुसंडी मारायच्या बाबतीत सारखंच. उंची वाढवू नका. कमी करा. 5 फुटांवरून 34 इंचांवर या. आणि घेर जवळजवळ तिप्पट करा.

उलटं वाटेल, म्हणून कारण सांगते. पांढऱ्या शेपटीचं हरीण मनात आणलं तर 7-8 फूट उडी मारतं, म्हणूनच इथले शिकारी रँचवाले हरणं राखायला 8 फुटी कुंपण घालतात. पण मारू शकतं आणि मारतं यात फरक आहे. 20 फुटांच्या गोलात उडी मारायची म्हणजे हरणाला तीन गोष्टी दिसाव्या लागतात: पाय टेकायला जागा, पळायला जागा, आणि परत उडी घ्यायला धाव. तुमच्या गोलात मधोमध तीन पायांचा फीडर उभा आहे, म्हणजे चहूबाजूंनी जेमतेम 8-9 फूट उरले. त्यातून बाजूला 5 फुटांची जाळी. हरणाच्या नजरेने तो सापळाच आहे. तुम्ही डुकराला अडवायला कुंपण बांधलंत आणि अडलं हरीण. हे कुंपण आखताना डोक्यात आधी हरीण धरा, डुक्कर नंतर.

डुकरासाठी किती उंची लागते, यावर टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कृषी विस्तार सेवेच्या लोकांनी फीडरभोवती वेगवेगळ्या उंचीची कुंपणं घालून बघितलं आहे. त्यांची शिफारस आहे कमीत कमी 28 इंच. रानडुक्कर उडी मारणाऱ्यातलं नाही, ते खाली नाक घालून उचलतं. बाजारात डुकरांसाठी सळयांच्या जाळीचं जे तयार हॉग पॅनेल मिळतं ते 34 इंच उंच आणि 16 फूट लांब असतं, म्हणून 34 म्हटलं. मोठं हरीण एवढं कुंपण चालता चालता ओलांडतं, आणि मे-जूनमध्ये जन्मलेली पाडसं ऑक्टोबरपर्यंत ओलांडायला शिकतात.

पॅनेल आणताना जाड सळईचं घ्या, गुंडाळी करून मिळणारी पातळ जाळी नको. तुमची जाळी डुकराने कशी उचलली असेल ते मी न बघता सांगते: खालच्या कडेला मध्येच नाक घातलं, मान वर केली, जाळी पोटासारखी फुगली आणि ते आत. जाड पॅनेल फुगत नाही. त्याला खालची-वरची बाजू असते, खालच्या ओळींचे चौकोन बारीक आणि वर जाऊ तसे मोठे. उलटं लावलंत तर पिलं मोठ्या चौकोनातून आत जातील, आणि पिलू आत, आई बाहेर अशी वेळ आली की मग ती मादी कुंपणाचं काय करते ते बघायला लागेल. बारीक बाजू जमिनीला, अगदी टेकून. जिथे ओघळ किंवा खड्डा आहे तिथे दगड-माती भरून घ्या, फट ठेवू नका.

घेर कसा ठरवायचा? फीडर एकदा हाताने चालवा, मका उडू दे, आणि सगळ्यात लांब पडलेला दाणा शोधून तिथे खुंटी ठोका. फीडरपासून ते अंतर मोजा आणि त्यात 6-8 फूट मिळवा. तो तुमचा अर्धा व्यास. एकही दाणा कुंपणाबाहेर पडता कामा नये. बाहेर 10 दाणे पडले तरी डुकरं रोज येतात, बाहेरचं संपलं की आतल्याचा वास घेत कुंपण चाचपतात. साधारण अंदाज असा: 10 पॅनेल एकमेकांवर अर्धा-अर्धा फूट चढवून गोल केला तर व्यास 49 फुटांच्या आसपास भरतो, 12 पॅनेलचा 59 फूट. तुम्ही 12 आणा. पॅनेलचे पैसे वाचवायला म्हणून लोक 6-8 वर भागवतात आणि मग हरणं येत नाहीत म्हणून मक्यावर पैसे घालत बसतात.

दर सांध्याला एक टी-पोस्ट, म्हणजे टी आकाराचा लोखंडी खांब, आणि प्रत्येक पॅनेलच्या मध्ये एक, म्हणजे 24. उतारावर दोन-तीन जादा. प्रत्येक खांबाला तीन ठिकाणी बांधा, आणि त्यातली पहिली गाठ सगळ्यात खालच्या सळईला. वर बांधून खाली मोकळं सोडणं ही मी बघितलेली सर्वात जास्त वेळा होणारी चूक आहे. खांबाचं टोक पॅनेलच्या वर येऊ देऊ नका. उडी मारणाऱ्या हरणाच्या पोटाखाली उभी लोखंडी सळई नको. 5 फुटी खांब 2 फूट आत गेला की पॅनेलच्या वर जेमतेम 2 इंच उरतो, तेवढा घणाने आणखी ठोका नाहीतर वर टोपी बसवा.

लॅनोच्या जमिनीत 2 फूट खांब घालणं हे मात्र लिहायला सोपं. तुमच्याकडे वर मुरमाड वाळू आणि हातभरावर ग्रॅनाइट. पहारीने ठोकून बघा, खणखण आवाज आला की तिथे झगडत बसू नका, अख्खा गोल पाच-दहा फूट सरकवा. फीडर हलवता येतो, खडक हलवता येत नाही. तरीही दोन-चार खांब अडलेच तर भाड्याने मिळणारा खडक फोडायचा ड्रिल आणा, छिद्र पाडा आणि खांब बसवा. गोल कुंपणाचा फायदा असा की पॅनेलं एकमेकांना धरून उभी राहतात, कोपरा नसतो, त्यामुळे एखादा खांब कमी खोल गेला तरी निभावतं.

आता गाई. इथे मी सावकाश लिहिते, कारण याच जागी आमच्या हातून जे झालं ते अजून डोळ्यांसमोर आहे.

34 इंचांचं पॅनेल गाईला काहीच नाही. ती मान टाकून आतलं खाते, अंगाने रेलते, पॅनेल वाकवते. शेजारच्या बर्नेट काउंटीत आमची जागा आहे, तिथे आमच्याही फीडरशी गाई अशाच रेलायच्या. मग नवऱ्याने आणि मी सरळ मार्ग काढला: उंच खांब घातले आणि पॅनेलच्या वर 8 इंचांवर काटेरी तारेचा एक पदर ओढला. गाई थांबल्या. डुकरं आधीच थांबली होती. आम्ही खूश होतो. नोव्हेंबरात एका सकाळी गेलो तर कुंपणावर हरणाची एक मादी लटकलेली. उडी मारताना मागचा पाय तार आणि पॅनेलच्या मधल्या त्या 8 इंचांत गेला होता, ती पुढे पडली तशी तारेला पीळ बसला आणि पाय अडकला. पुढचे पाय जमिनीला लागत होते. त्या खुरांनी तिने माती अर्धगोलात खरवडली होती, गवताची काडी उरली नव्हती, खालची लाल वाळू वर आली होती. म्हणजे रात्रभर. जिवंत होती, आम्हाला बघून ओरडली नाही, फक्त कान मागे टाकले. तार कापली, पण पाय मोडलेला होता. शेजारच्या म्हाताऱ्या रँचवाल्याला बोलावलं, त्याने तिचे हाल संपवले. जाताना तो एवढंच म्हणाला की वरच्या दोन तारांत नेहमी एक फूट ठेवा.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: डुकराच्या कुंपणावरच गाईचं कुंपण चढवायचं नाही. दोन जनावरं दोन वेगळ्या तऱ्हेने शिरतात, एक खालून नाकाने, दुसरं वरून छातीने. एकाच कुंपणात दोघांना अडवायला गेलं की मध्ये हरणाचा पाय सापडतो. दोन कुंपणं करा आणि त्यांच्यात अंतर ठेवा. आत पॅनेलचा गोल. त्याच्या बाहेर, प्रत्येक बाजूला 40-50 फूट मोकळे सोडून, गुरांसाठी साधं चार तारांचं चौकोनी कुंपण. म्हणजे साधारण 150 फूट बाय 150 फूट. तारांची उंची जमिनीपासून 16, 22, 30 आणि 42 इंच. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची तार बिनकाट्याची, मधल्या दोन काटेरी. खालच्या 16 इंचांतून पाडस वाकून निघून जातं, वरच्या दोन तारांत एक फूट असल्याने उडी चुकली तरी पाय अडकायची शक्यता फार कमी होते. डुक्कर या तारांखालून आत येईल. येऊ दे, त्याला पुढे पॅनेल आहे. मधल्या 40-50 फुटांत हरीण थांबतं, इकडेतिकडे बघतं, आणि मग दुसरी उडी घेतं. त्याला हवी असते ती ही मोकळी जागा.

खर्च वाढतो, खरं आहे. तो नको असेल तर शेजाऱ्याशी बोला: ज्या महिन्यांत तुम्हाला हरणं बघायची आहेत त्या महिन्यांत गाई दुसऱ्या बाजूला ठेवता येतील का? 38 एकरांत मधून एक तार ओढली आणि एक फाटक केलं तर बरंच भागतं. बहुतेक रँचवाले वेळेवर सांगितलं तर ऐकतात.

आणि गाई निव्वळ करासाठीच ठेवल्या असतील तर आणखी एक वाट आहे. टेक्सासच्या मतदारांनी 1995 साली राज्यघटनेत दुरुस्ती केली, तेव्हापासून शेतीच्या करात असलेली जमीन वन्यजीव व्यवस्थापनासाठी ठेवली तरी कर तोच राहतो. त्यासाठी सात कामं ठरलेली आहेत: अधिवास सुधारणं, जमिनीची धूप थांबवणं, शिकारी प्राण्यांवर नियंत्रण, पाण्याची सोय, पूरक आहार, निवारा आणि प्राण्यांची मोजदाद. यातली किमान तीन दर वर्षी करायची. अर्ज काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयात 1 मेच्या आधी द्यायचा. जमीन अलीकडे मोठ्या तुकड्यातून तोडलेली असेल तर किमान क्षेत्राची अट लागू शकते, ते तिथे विचारून घ्या. मात्र मक्याचा फीडर दाखवून "पूरक आहार" झाला असं धरू नका. मक्यात प्रथिनं साधारण 8 टक्के, वाढत्या हरणाला लागतात 16च्या आसपास. मका म्हणजे हरणाला दिसण्याच्या जागी बोलावणं, त्याचं पोट भरतं ते झाडपाल्यावर. तुमच्या जागेतली ओकची झाडं आणि झुडपं शेळ्यांनी ओरबाडू न देणं हा हरणांसाठी मक्यापेक्षा मोठा खुराक आहे.

शेळ्यांचं तर थांबू नका, याच आठवड्यात शेजाऱ्याकडे जा. चार तारांचं कुंपण शेळीला कुंपणच वाटत नाही, आणि 34 इंच ती सहज चढते. तक्रार म्हणून जाऊ नका, त्याच्या शेळ्यांच्या जिवासाठी जा. फीडर पडला, 200 पौंड मका जमिनीवर सांडला आणि शेळ्या पोहोचल्या तर त्या पोट फुटेस्तोवर खातात. मग कोठीपोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, आणि दोन दिवसांत जनावर दगावतं. गाईंनाही हाच धोका. तुमच्या बाबांना हे सांगावं लागणार नाही, धान्याच्या राशीत तोंड घातलेलं जनावर त्यांनी पाहिलेलं असेल. शेजाऱ्याला सांगा की फीडर आहे, कुठे आहे, किती मका आहे. हद्दीवरच्या तारेत शेळ्या जिथून येतात तिथे 4 फुटी विणलेली जाळी लावायची, खर्च अर्धा-अर्धा. फीडरचे तिन्ही पाय जमिनीत खुंट्यांनी बांधून टाका, म्हणजे पडायचा प्रश्नच येणार नाही.

विजेच्या तारेबद्दल विचारलंत. जमिनीपासून 8 आणि 18 इंचांवर दोन पदर ओढले तर डुकरं बऱ्यापैकी मागे हटतात. पण गवत वाढून तारेला लागलं की झटका मरतो, पावसाने, फांदीने मरतो. रोज फेरी मारणाऱ्याचं ते काम आहे. तुम्ही शनिवारी येणार, तार मंगळवारी मेलेली असणार. तुमच्यासाठी नाही.

डुकरं या कुंपणाने कमी होणार नाहीत, ती फक्त तुमच्या मक्यावरून हटतील. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी या खंडात आणलेली पाळीव डुकरं सुटली, रानात वाढली, पुढे शिकारीसाठी आणलेल्या युरोपी रानडुकरांशी मिसळली. आज टेक्सासमध्ये त्यांची संख्या 26 लाखांच्या घरात धरतात. गाभण मादी 115 दिवसांत विते आणि एका वेतात चार-सहा पिलं सहज. 2019पासून खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुकराच्या शिकारीला परवाना लागत नाही. तुम्हाला बंदूक नको असेल तर शेजाऱ्याला मोठा सापळा लावू द्या, अख्खा कळप एकदम सापडेल असा. एक-दोन मारून बाकीची शहाणी करण्यात अर्थ नाही. विष मात्र कुणी सुचवलं तरी नको. त्या जागी हरणं, टर्की, कुत्री सगळीच येतात.

कुंपण चालू करण्याचा क्रम सांभाळा. आजच फीडर बंद करा. दोन आठवडे दाणा पडला नाही की डुकरं दुसरीकडे वळतात. त्या काळात कुंपण उभं करा, पण दोन पॅनेलं आडवी करून ठेवा. दोन आठवडे झाले की हाताने मूठ-मूठ मका आधी बाहेर, मग फटीत, मग आत टाका, तोही सकाळी, म्हणजे अंधार पडायच्या आत संपेल. फीडरपाशी लावलेल्या कॅमेऱ्यात हरणं आत जाताना दिसली की पॅनेलं उभी करा. नंतर टायमर सूर्योदयानंतर आणि दुपारी चारच्या सुमाराला लावा, काही सेकंदच. उन्हाळ्यात डुकरं बहुतेक रात्रीची हिंडतात, रात्री आत काही शिल्लक नसावं. मका विकत घेताना पिशवीवर अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, 20 पीपीबीच्या (अब्जात 20 भाग) आत आहे हे बघा. ओला झालेला, गुठळ्या झालेला, बुरशीचा मका फेकून द्या, टर्कीला आणि लाव्यांना तो सर्वात जास्त बाधतो.

आणखी एक. फीडरपाशी हरणं तोंडाला तोंड लावून खातात, त्यातून रोग पसरतात. हरणांना खंगवून मारणारा सीडब्ल्यूडी हा आजार टेक्सासमध्ये 2012 साली पहिल्यांदा सापडला, 2015 साली मेडिना काउंटीत पाळलेल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांत. खंगलेलं, लाळ गाळणारं, माणसाला न बुजणारं हरीण दिसलं तर फीडर लगेच बंद करा आणि टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या वन्यजीव खात्यातल्या तुमच्या काउंटीच्या जीवशास्त्रज्ञाला फोन करा.

बाबांना एक गोष्ट मुद्दाम दाखवा. कधीतरी तुमच्या कॅमेऱ्यात ठिपक्यांचं, उंच शिंगांचं हरीण येईल. इथे त्याला ॲक्सिस म्हणतात. ते आपलं चितळ आहे, 1932च्या सुमाराला टेक्सासमध्ये आणलं आणि इथल्या टेकड्यांत मोकाट वाढलं. भोरच्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही.

त्यांची खुर्ची कुंपणाच्या उत्तरेला ठेवा, 60-70 यार्डांवर, एखाद्या ओकच्या सावलीत. इथे ऑक्टोबरातही बहुतेक दिवस वारा दक्षिणेकडून येतो, म्हणजे माणसाचा वास हरणांकडे जाणार नाही. ज्या दिवशी उत्तरेचं गार वारं सुटेल त्या दिवशी खुर्ची दक्षिणेला न्या. बसण्याआधी खुर्ची दोन-तीन दिवस तिथे रिकामीच राहू द्या, हरणांना तिची सवय होईल.